गोपिकाबाईच्या काट्यावरचा आकडा

लॉटरीबद्दल सिंदी मेघेत कुणाला काही विचारायचं असेल तर त्यानं मला विचारावं, भैय्याजीला नव्हे. मी प्रेमदास. आज बाजारात माझं कंगवे, पिना आणि नाड्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे खाली एक जुनी चादर आणि वर छत्री. पण ऐन उमेदीची वर्षं मी कागदाची लॉटरी विकली आहे. सायकलच्या हँडलला आडवी फळी, फळीवर चिमट्यांनी लावलेली रंगीत तिकिटं आणि गळ्यात भोंगा, असा मी वर्ध्याच्या बसस्टँडसमोर उभा राहायचो.

तेव्हा लॉटरीला एक अदब होती. माणूस एक तिकीट घ्यायचा, घडी न पाडता खिशात ठेवायचा आणि सोडतीच्या दिवसापर्यंत श्रीमंत असायचा. तेवढा आठवडा तो बायकोशी नीट बोलायचा. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भावाशी भांडायचा नाही, कारण भावाचं शेत तो आता विकतच घेणार असायचा. निकालाचा पेपर आला की बिचारा पुन्हा होता तसा व्हायचा आणि संध्याकाळी माझ्याकडून दुसरं तिकीट घेऊन परत श्रीमंत होऊन घरी जायचा. दिवाळीच्या बंपरचं तिकीट घेणारा तर महिनाभर जमिनीवर पाय ठेवत नसे. माझी बायको सुलोचना मात्र बुद्धविहारातल्या बायकांना माझा धंदा सांगताना ‘पेपर विकतात’ असं सांगायची.

मग मशीन आली. भैय्याजीनं बाजाराच्या तोंडाशी शटरचं दुकान घेतलं, आत मोठा पडदा लावला आणि दर पंधरा मिनिटांनी सोडत सुरू केली. शून्य शून्यपासून नव्व्याण्णवपर्यंत कोणताही आकडा सांगा, मशीन चिठ्ठी काढून देते, आणि पाव तासात पडद्यावर निकाल. ज्या माणसाला मी आठवडाभर श्रीमंत ठेवायचो, त्याला भैय्याजी चहा निवायच्या आत गरीब करू लागला. आता तर हे सगळं मोबाइलवरही आलं आहे म्हणतात. गरीब व्हायला दुकानापर्यंत चालत जायचेही कष्ट उरले नाहीत. माझी फळी मी भंगारवाल्याला दिली आणि कंगवे विकायला बसलो. भैय्याजीचा मला राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

मशीनच्या लॉटरीनं आणखी एक घोळ करून ठेवला. कागदाच्या तिकिटावर नंबर छापून यायचा. नशिबात असेल तो घ्यायचा, डोकं लावायचं काम नव्हतं. मशीनला आकडा आपण सांगायचा असतो. आता दर पाव तासाला माणसानं नवा आकडा आणायचा कुठून? म्हणून आमचे लोक आकडे शोधत फिरू लागले. कुणी स्वप्नातला साप मोजू लागला, कुणी एसटीच्या पाटीवरचे शेवटचे दोन आकडे धरू लागला. या सगळ्यांचा म्होरक्या कवडू. वीजमंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेला, पेन्शनीचा माणूस, स्वभावानं वाईट नाही. एकदा तो आकडा मागायला गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याला जाऊन आला. टेकडीवर काही सुचलं नाही, म्हणून परतीच्या ऑटोचा नंबर खेळला आणि तोही बुडवून बसला.

आता गोपिकाबाई. तिची जागा माझ्या शेजारची. तिचा नवरा चंद्रभान शेतात वांगी, मिरच्या, टमाटे, पालक आणि सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवतो आणि ती गोणपाट टाकून विकते. तिची एक सवय सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. अर्धा किलो मागितलं की ती अर्धा किलो तोलते, मग तुमच्या तोंडाकडे पाहते आणि वरून दोन वांगी किंवा मूठभर मिरच्या टाकते. मागावं लागत नाही, आणि कुणी नको म्हटलं तर तिला राग येतो. सिंदी मेघेतल्या बायका लांबून तिच्याकडे येतात त्या या वरच्या मुठीसाठी. जुन्या तराजूच्या काळात हे वरचं कुणी मोजत नसे. पारडं खाली गेलं, बाई खूश झाली, विषय संपला.

या वर्षी चंद्रभाननं इलेक्ट्रॉनिक काटा आणला. लाल आकड्यांचा, गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसणारा. आता गोपिकाबाईची मूठ उघडी पडली. अर्धा किलो तोलून वरून वांगं टाकलं की काटा सांगायचा, पाचशे सत्तेचाळीस. दुसरीला पाचशे एकसष्ट. ती आपली कसनुशी हसायची, कारण कोणाला किती जास्त गेलं ते कोणाला तरी दिसायचंच.

तर त्या सत्तेचाळीसच्या वेळी काट्यासमोर कवडू उभा होता. त्याच्या बायकोनं, आनंदाबाईनं, त्याला वांगी आणायला पाठवलं होतं. वांगी घेऊन तो घरी जायच्या ऐवजी भैय्याजीकडे गेला, सत्तेचाळीस खेळला आणि सत्तेचाळीस लागला. मी त्याला बाजारातून नाचत जाताना पाहिलं. वांग्यांची पिशवी भैय्याजीच्या पायरीवरच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून गोपिकाबाईपुढे पुरुषांची रांग लागली. पाव किलो काहीही द्या, म्हणायचे. भाजीकडे कोणाचं लक्ष नसे, सगळे काट्याच्या लाल आकड्यांकडे टक लावून. त्यांचे नियमही ठरले. बाई टाकत असताना ‘बस’ म्हणायचं नाही. ‘अजून टाका’ असंही म्हणायचं नाही. तिचा हात थांबला की शेवटचे दोन आकडे तुमचे, आणि मग पळायचं. सोडतीला थोडा वेळ उरला की अशी झुंबड उडायची की माझे कंगवे पायाखाली यायचे. त्या दिवसांत आमच्या कित्येक घरांत तिन्ही त्रिकाळ वांगी शिजत होती आणि बायकांना कळत नव्हतं की आपल्या नवऱ्याला बाजार करायची एवढी हौस कुठून आली.

यातली गंमत मी कवडूला समजावून सांगितली होती. आकडे शंभर. रोज एवढी माणसं एवढ्या वेळा खेळतात, तर त्यात कुणाचा ना कुणाचा लागणारच. ज्याचा लागतो तो बोंबलतो, ज्याचे जातात ते गुपचूप घरी जातात. त्यात काट्याची काही कमाल नाही. कवडूनं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, की मी काट्यावर नुसता एक कंगवा ठेवून पाहू का, किती येते.

पुढे काही दिवस कुणाचंच फारसं लागलं नाही, आणि कवडूला वाटलं काटा रुसला. एका सकाळी गोपिकाबाई नळावर पालक धुवायला गेली होती. कवडू ताट घेऊन आला. ताटात हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं आणि अगरबत्ती. त्यानं काट्याला पाणी शिंपडलं, ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली, मूठभर अक्षता वाहिल्या आणि डोळे मिटून हात जोडले. मी म्हटलं, कवडूभाऊ, यंत्र आहे, त्याला ओलं करू नका. तो म्हणाला, तुमचा विश्वास नसेल तर तुम्ही तिकडे तोंड करून बसा. मी तिकडे तोंड करून बसलो. गोपिकाबाई परत आली तेव्हा वरवरचं तिनं पदरानं पुसून घेतलं, आणि कुंकू लावलेलंच आहे तर म्हणून स्वतःही नमस्कार केला.

त्यानंतर तर आकडे अगदीच पडेनात. निदान कवडूचे तरी पडेनात. तो सकाळी येई, दुपारी येई, पाव पाव किलोनं भाजी नेई आणि हरून परत येई. एका बाजाराच्या दिवशी त्याचा तोल सुटला. भर गर्दीत, बायका उभ्या असताना, तो काट्याकडे बोट दाखवून ओरडला.

“हा काटा खोटं वजन दाखवून राह्यला. वजनच चुकीचं, तं आकडा बरोबर कुठून येईन? म्या एवढे दिवस या काट्यापायी बुडलो.”

बोलून तो निघून गेला. त्याला काय, त्याला आकड्याचं दुःख होतं. पण भाजीवालीचा काटा खोटा आहे हे वाक्य बाजारात एकदा पडलं की उचलता येत नाही. समोरच्या बाईनं पिशवीतले टमाटे हातानं तोलून पाहिले. दुसरीनं सुटे पैसे नाहीत म्हणून भाजी परत ठेवली. आणि दोन दिवसांनी गोपिकाबाईची सगळ्यांत जुनी गिऱ्हाईक कोकिळा, जी हिच्याशिवाय कुणाकडून मिरचीही घ्यायची नाही, ती आमच्यासमोरून मान खाली घालून गेली आणि पलीकडच्या रांगेत जाऊन बसली.

त्या दिवशी गोपिकाबाईनं जेवणाचा डबा उघडला नाही. मी विचारलं तेव्हा तिनं मिरच्यांचे देठ खुडता खुडता सांगितलं.

“प्रेमदासभाऊ, मले कोनी काळी म्हनलं, अडाणी म्हनलं, तं म्या ऐकून घेईन. पन काटा मारते म्हनलं तं म्या उद्यापासून इथं बसू कशी?”

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, लोक विसरतील. ती म्हणाली, लोक विसरतील पण तोवर माझी भाजी सडेल आणि मग चोर होती म्हणून उठून गेली असं म्हणतील. मी तिला सुचवलं की वरची मूठ थोडे दिवस मोठी कर. तर म्हणाली, आता जास्त टाकलं तर म्हणतील की चोरी लपवते.

उपाय तिला स्वतःलाच सुचला. दुसऱ्या दिवशी चंद्रभानच्या मोटरसायकलवर मागे बसून ती वर्ध्याला वजनमापांच्या ऑफिसात गेली आणि साहेबांना म्हणाली, माझा काटा तपासा, पण इथं नाही, बाजारात येऊन सगळ्यांसमोर तपासा. त्या ऑफिसातले लोक बाजारात शिरले की अर्धी दुकानं गोणपाटासकट गायब होतात. स्वतः होऊन बोलवायला आलेली बाई पाहून साहेबांना आधी संशयच आला. पण त्यांनी यायचं कबूल केलं.

बाजाराच्या दिवशी सकाळीच साहेब आले. सोबत पितळेची चकचकीत वजनं होती, मखमल लावलेल्या पेटीत, दागिन्यांसारखी. बघता बघता गर्दी गोळा झाली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. भैय्याजी शटर अर्धं खाली ओढून आला. काटा पास होतो की नापास यावर मागे पैजा लागल्या होत्या, असं मला नंतर कळलं. आमच्या लोकांना काय, तपासणी म्हणजे पण सोडतच. कवडू सगळ्यांच्या पुढे, आणि त्याच्या मागे पिशवी घेऊन आनंदाबाई. ती बाजार करायला आली होती. नवऱ्याच्या बाजाराला कंटाळून आता तिला स्वतःच्या हातानं भाजी निवडायची होती.

साहेबांनी एक किलोचं वजन काट्यावर ठेवलं. लाल आकडे फिरले आणि थांबले. नऊशे ऐंशी.

गर्दीतून आवाज उठला. कवडूनं मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं, जणू तोच साहेब. गोपिकाबाई उभी होती ती मटकन खाली बसली. काटा चुकीचा असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि तिला तर नाहीच. साहेबांनी दोन किलोचं वजन ठेवलं. एकोणीसशे साठ. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेवढंच. त्यांनी कपाळाला आठ्या घालून गोपिकाबाईला विचारलं की हा काटा असा किती दिवसांपासून आहे.

ती मान हलवत राहिली. तेव्हा साहेब गर्दीकडे वळून म्हणाले, “तुम्ही सगळे काय बघताय? काटा कमी दाखवतो. म्हणजे काट्यावर एक किलो दिसायला या बाईला एक किलोपेक्षा जास्त टाकावं लागतं. नुकसान तिचं झालं आहे, तुमचं नाही.”

हे पुरुषांना कळायला वेळ लागला. बायकांना चटकन कळलं. कोकिळेनं तोंडाला पदर लावला. कुणीतरी हळूच म्हणालं की अगं बाई, म्हणजे ही आधीच जास्त देत होती आणि वरून मूठ टाकत होती ती वेगळीच.

साहेबांनी काट्यावरचं स्टीलचं ताट उचललं. खाली, ताट आणि काट्याचा डबा यांच्या फटीत, लाल-पिवळा लगदा वाळून दगड झाला होता आणि त्यात तांदळाचे दाणे दाटीवाटीनं रुतून बसले होते. दाण्यांवर ताट टेकत होतं, म्हणून वजन पूर्ण उतरत नव्हतं. साहेबांनी पेन्सिलीच्या टोकानं एक दाणा उकरून काढला, उजेडात धरला आणि विचारलं, हे काय आहे?

सगळा बाजार कवडूकडे पाहू लागला. मी तर आधीपासूनच पाहत होतो.

अशा वेळी माणसाला लाज वाटायला हवी. पण मागे उभ्या असलेल्या खेळाडूंच्या डोक्यात वेगळीच चक्रं फिरत होती. काटा कमी दाखवत होता, म्हणजे खरे आकडे जास्त होते. एकजण बोटं मोजत म्हणाला, त्या दिवशी मला अर्ध्या किलोला पाचशे बावीस दिसलं होतं, म्हणजे खरं पाचशे बत्तीस, आणि बत्तीस लागला होता. दुसऱ्याला आपला एकाहत्तर आठवला. तिसरा रडकुंडीला आला. गोपिकाबाईच्या काट्याचे सगळे आकडे खरे होते, फक्त कवडूच्या पूजेनं ते बिघडवले, असा निकाल तिथल्या तिथे लागला आणि सगळे कवडूवर गुरगुरू लागले. ही माणसं बुडतील तरी शहाणी व्हायची नाहीत.

कवडू कावराबावरा झाला. मग तो गोपिकाबाईपुढे वाकून, अगदी नरमाईनं, म्हणाला की बाई, झालं ते झालं, आता साहेबांना विचारून एवढं सांगा की पाव किलोला किती वाढवून धरायचं.

गोपिकाबाई उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

“कवडूभाऊ, माह्या काट्यानं तुमच्या घरी रोज जास्तच धाडलं. तुमच्या घरी कमी कोन करून राह्यलं, ते जरा आनंदाबाईले विचारा.”

कवडूनं मागे पाहिलं. आनंदाबाई त्याच्याकडे पाहतही नव्हती. ती त्याच्या शर्टाच्या खिशाकडे पाहत होती, जिथून भैय्याजीच्या मशीनच्या चिठ्ठ्यांची टोकं डोकावत होती. त्यानं खिशावर हात ठेवला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि लगेच त्याची दयाही आली, कारण एवढा धिप्पाड माणूस, विजेच्या खांबांवर चढलेला, त्या क्षणी पोरासारखा दिसत होता. भैय्याजी कधी सटकला ते कळलं नाही.

साहेबांनी गोपिकाबाईला समजावलं की काटा वर्ध्याला नेऊन साफ करून घ्यावा लागेल आणि नवा शिक्का बसेपर्यंत यावर तोलता येणार नाही. तिनं काटा पोत्यात गुंडाळून बाजूला ठेवला. मग समोर जमलेल्या बायकांकडे पाहून ती म्हणाली, की आज माझ्याकडे काटाच नाही, तुम्ही पलीकडून घ्या.

कोकिळा पुढे आली आणि गोणपाटासमोर खाली बसली. जागा अडवल्यासारखी, मांडी घालून.

“काटा राहू दे बाजूले, गोपिके. तू हातानं वाटे घाल. तुह्या हाताचं आमाले चालते.”

गोपिकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. ती वांग्यांचे वाटे घालू लागली, मिरच्यांचे ढीग मांडू लागली, आणि बायका एकमेकींना सरकवत खाली बसू लागल्या. काट्याविना होणारी विक्री नजरेस पडू नये म्हणून साहेबांनी तिकडे पाठ केली आणि माझ्याकडून एक कंगवा विकत घेतला. डोक्यावर केस कमी होते, पण मी बारीक दातांचाच निवडून दिला. ज्या बाजारात एवढं सगळं घडलं तिथे आपण कंगवे विकतो याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला.

पुरुष तसेच उभे होते. सोडतीची वेळ जवळ येत होती आणि कुणाकडेच आकडा नव्हता. वाट्यावर काही लिहिलेलं नसतं. ते एकमेकांकडे बघत, चुळबुळ करत, एकेक करून पांगू लागले.

शेवटी आनंदाबाईची पाळी आली. तिनं वांग्यांचा एक वाटा घेतला, पिशवीत ओतला आणि पिशवी कवडूच्या हातात दिली. तिनं आधीच त्याच्या खिशातल्या चिठ्ठ्या काढून आपल्या कनवटीला लावल्या होत्या आणि पेन्शनीचं पाकीटही. कवडू मुकाट्यानं पिशवी धरून उभा राहिला. पण मी बघत होतो. त्याची नजर पिशवीच्या आत होती आणि ओठ हलत होते. तो वांगी मोजत होता.

आनंदाबाईनंही पाहिलं. तिनं पिशवी त्याच्या हातून घेतली, वांगी परत गोणपाटावर ओतली आणि म्हणाली, “गोपिका, हे राहू दे. मले सांभार दे. जुडी नको, मोकळा दे.”